पन्नी न काढलेली गाणी

आमच्या शेजारचे नाना गाणी ऐकायला बसले की गल्लीतलं कुणीही त्यांचं दार वाजवत नसे. दार वाजलं, कुणी हाक मारली, मांजराने भांडं पाडलं, की नाना टेप थांबवत, कॅसेट पार मागे नेत आणि मोठ्याने म्हणत, "पहिल्यापासून!" मग ते शेवटचं गाणं असो, नाहीतर शेवटची ओळ असो.

एकदा विजेचं मीटर बघायला एक नवा माणूस आला. त्याला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. त्याने कडी वाजवली तेव्हा आत कॅसेट संपत आली होती. नानांनी दार उघडलं, त्याचा हात धरला आणि त्याला आत नेऊन खाटेवर बसवलं.

"मीटर कुठे पळून जात नाही," नाना म्हणाले. "बसा. तुमच्यामुळे तुटलं, आता तुम्ही पण ऐका. पहिल्यापासून!"

त्या माणसाने दोन्ही बाजू ऐकल्या. नानांच्या बायकोने, म्हणजे मावशींनी, त्याला दोनदा चहा दिला. पुढे तो दर महिन्याला आधी आमच्या दारात यायचा आणि हळूच विचारायचा, "बाजूवाले चाचा का टेप बंद है ना?"

ही गाणी भजनं असती तर कुणाला नवल वाटलं नसतं. पण ती अमेरिकेतली होती. त्यात माणूस गात नसे, बोलत असे. भरभर, ठोक्यावर, मधे दम घेतला तर घेतला. नानांचा मुलगा पंकज त्याला हिप-हॉप म्हणायचा. नाना रॅप म्हणायचे. मावशी त्याला हापहाप म्हणायच्या. "चालू झालं बाई यांचं हापहाप," असं त्या भिंतीपलीकडून मला सांगत, जसं काही मला ऐकूच येत नव्हतं. त्यांच्या आणि आमच्या घराची मधली भिंत एकच आहे.

नानांना इंग्रजी येत नव्हतं. अक्षरं जुळवून वाचत, पण अर्थ लागत नसे. त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

नाना केळीच्या मंडीत बोली लावायचे. सकाळी गाड्या आल्या की एकेका गाडीपुढे उभं राहून भाव पुकारायचा, व्यापाऱ्यांना चढवायचं, शेतकऱ्याचं तोंड बघून अजून थोडं ताणायचं, हे त्यांचं काम. पांढरा पायजमा, खांद्यावर गमछा आणि तो आवाज. घरी आल्यावरही आवाज उतरत नसे. त्यांनी पाणी मागितलं तरी वाटे, आत पाण्याचा लिलाव चाललाय. मावशी म्हणत, "हळू बोला हो, मी गिऱ्हाईक नाही."

मी फारशी बोलणारी नाही. माहेरी डोईफोडियाला चौथीपर्यंत शिकले आणि पुढे लग्न होऊन इथे बुऱ्हाणपूरच्या इतवाऱ्यात आले. पहिले काही महिने सासरच्या नातेवाइकांना वाटत होतं की सून मुकी आहे. साड्यांना फॉल लावायचं काम घरी घेते. त्यात बोलावं लागत नाही. नानांबद्दल लिहायचं मनात होतं, कारण माझ्या तोंडातून चार शब्द बाहेर पडायला लागले ते त्या माणसामुळे. त्यांच्यासमोर हे सांगायला गेले तर ते आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात "काय म्हणतेस!" म्हणतील. म्हणून लिहिते.

पंकज हा त्यांचा एकच मुलगा, आणि तो बोलण्याच्या बाबतीत माझ्या बाजूचा. बापाचा आवाज असा, म्हणून पोराने आपला आवाज वापरायचाच नाही असं ठरवलं असावं. इंदूरला इंजिनिअरिंगला गेला तेव्हापासून तर, तो सुट्टीत आल्यावरचं दोघांचं बोलणं भिंतीतून मला पाठ झालं होतं.

"कसं काय चाललं?"

"ठीक."

"जेवणाचं?"

"ठीक."

"अभ्यास?"

"ठीक आहे."

मग मावशी म्हणायच्या, "त्यापेक्षा घड्याळ बरं. ते निदान टिकटिक करते."

एका सुट्टीत पंकज येताना एक कॅसेट घेऊन आला. स्वतःसाठीच आणली होती. हॉस्टेलातली पोरं ऐकायची, म्हणून यालाही नाद लागला होता. नानांनी विचारलं, काय आहे? पंकज म्हणाला, "हिप-हॉप आहे. तुम्हाला नाही आवडणार."

"लाव," नाना म्हणाले.

पंकजने लावली. दोघं खाटेवर शेजारी शेजारी बसले. एक बाजू संपली. मला वाटलं, आता नाना मंडीतला आवाज काढणार. पण ते म्हणाले, "दुसरी बाजू?"

तेव्हापासून रीत पडली. पंकज घरी येणार म्हणजे नवी कॅसेट येणार, आणि नवी कॅसेट येणार म्हणजे पंकज येणार. नानांच्या लेखी ही एकच गोष्ट होती. होळीच्या आधीच ते मावशींना विचारू लागत, "कॅसेट कधी येऊन राहिली?" मावशी म्हणत, "तिचा फोन आला होता. शनिवारी येते म्हणाली. पोळ्या करून ठेवा म्हणाली."

नानांचा एक नियम होता. कॅसेटवर वरची पातळ पन्नी असते ना, ती पंकजने काढायची नाही. आधी हॉस्टेलात ऐकायची नाही. "उष्टी कॅसेट आणायची नाही, सांगून ठेवतो," नाना म्हणत. त्यामुळे बिचारा पंकज इंदूरहून कॅसेट विकत घेई आणि बसमध्ये नुसती हातात धरून बसे. घरी आल्यावर नाना हात धूत, उदबत्ती लावत, गमछ्याची घडी मांडीवर ठेवत आणि नखाने हळूच पन्नी काढत. मग डबीचा वास घेत. मग आतला घडीचा कागद उघडून अक्षरं लावत बसत, आणि ते होईपर्यंत टेपच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही.

त्या कागदावरूनच त्यांनी एकदा शोध लावला.

"पंकज, हे फीट लोक फार दिसतात रे."

"कोण लोक?"

"फीट. हे बघ, या गाण्यात फीट. खाली अजून एक फीट. मागच्या कॅसेटवर पण होते. मोठं घराणं दिसते. आपल्याकडे पाटील, तसे तिकडे फीट."

मी भिंतीशी साडी घेऊन बसले होते. पंकजला मोठ्याने हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. हसणं आवरल्यावर तो म्हणाला, "नाना, ते आडनाव नाही. फीट म्हणजे गाणं एकाचं असतं आणि मधे दुसरा कुणी येऊन दोन ओळी म्हणून जातो. पाहुणा."

"पाहुणा?"

"हो."

"येतो, दोन ओळी म्हणतो आणि जातो?"

"हो."

"क्या बात है," नाना म्हणाले. त्यांना हे इतकं पटलं की त्या दिवसापासून त्यांच्या घरात पाहुण्याला फीट म्हणायला लागले. मावशींचे भाऊ जसोंडीहून आले की नाना ओट्यावरून ओरडत, "अहो, फीट आले! चहा टाका." भावाला वाटे आपल्या तब्येतीबद्दल बोलतायत. ते छाती पुढे काढून म्हणत, "हो दाजी, एकदम फिट. देवाची कृपा."

एका दिवाळीला परीक्षेमुळे पंकज येऊ शकला नाही. नानांना राहवेना. ते स्वतः इतवाऱ्याच्या बाजारात गेले आणि एका दुकानात विचारलं, "रॅप है क्या?" दुकानदार म्हणाला, "है ना चाचा, कैसा चाहिए, चमकीवाला?" आणि भेटवस्तूला गुंडाळायचा कागद त्यांच्या हातात दिला. नाना तो घेऊनही आले. मावशींनी कपाटाच्या फळ्यांवर अंथरला. म्हणाल्या, "आतापर्यंतच्या रॅपमधला हाच एक कामाचा निघाला." नाना पुन्हा कधी कॅसेट घ्यायला गेले नाहीत. "ते पोराचं काम आहे," म्हणाले.

पंकज नसताना जुन्या कॅसेटा लागत. पण एकट्याने ऐकणं नानांना मंजूर नव्हतं. "एकट्याने ऐकलं तर तो नुसता आवाज," असं त्यांचं म्हणणं. मावशी बसायला तयार नसत. "भांडण ऐकायले टेप कशाला? मी आहे ना," म्हणून पदर खोचून निघून जात. मग नाना भिंतीवर दोनदा थाप मारत.

"काय व सुशीला! सुईदोरा घेऊन ये इकडे. तुझी मावशी पळाली."

मी जाऊन उंबऱ्याशी बसायची. मान खाली, हातात फॉल. पहिल्याच दिवशी एक गाणं संपल्यावर नानांनी टेप थांबवला. मला वाटलं कुणीतरी दार वाजवलं. पण ते मला विचारत होते.

"सांग. हा भांडतोय, मिरवतोय, का रडतोय?"

मला असं काही कुणी विचारलेलं नव्हतं. किल्ली कुठे आहे, मीठ संपलं का, एवढंच मला विचारत. मी गप्प बसले. नानाही गप्प बसले. त्यांना गप्प बसता येतं हे मला माहीत नव्हतं. शेवटी मी म्हणाले, "रडतोय."

"रडतोय?" गाणं तर एवढं दणदणीत होतं की फळीवरचे पेले हलत होते. नानांनी ते पुन्हा लावलं, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हो बुवा. रडतोय."

पंकज आल्यावर त्यांनी मोठ्या कौतुकाने त्याला हे सांगितलं. पंकज संकोचून म्हणाला, "वहिनी, ते गाणं त्याच्या गाडीबद्दल आहे. नवी मोठी गाडी घेतली, असं सांगतोय तो."

मला जमिनीत जावंसं वाटलं.

"मग चोरीले गेली असेल," नाना म्हणाले.

"नाही नाना, नवी आहे."

"नवीच जाते चोरीले. जुनी कोण नेते? सुशीला म्हणते रडतोय, तर रडतोय."

माझ्या बाजूने असं कुणी ठासून बोलल्याचं मला आठवत नाही. गाडीवाला रडत होता की मिरवत होता, देव जाणे. पण त्यानंतर मी त्या उंबऱ्याशी बसून बोलायला लागले. हा खोटं मिरवतोय, ह्याला भांडायचं नाही पण भांडावं लागतंय, असंसुद्धा सांगायची. घरी येऊन ह्यांनाही एखादी गोष्ट सांगू लागले. आमचे हे एकदा म्हणाले, "आजकाल फार बोलतेस." पण ते हसत म्हणाले.

मग पंकजला पुण्यात नोकरी लागली आणि कॅसेटच्या जागी सीडी आली. पहिल्या सीडीत नानांनी आधी आपल्या मिशा बघितल्या. ऐकून झाल्यावर म्हणाले, "दुसरी बाजू?" आणि चकती उलटी करून घातली. यंत्र घरघर करून थांबलं. पंकजने सांगितलं की याला दुसरी बाजू नसते. नाना म्हणाले, "मग अर्ध्यात संपलं म्हण." तरी सीडीला पन्नी होती, आत कागद होता, फीट लोक होते. चालून गेलं.

त्यानंतरची चकती मात्र त्यांना झेपली नाही. पंकजने एकाच चकतीत शंभरावर गाणी घालून आणली होती. हाताने नाव लिहिलेली, बिनपन्नीची. गाणी इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागलेली, त्यामुळे कुणाची सुरुवात मधे आणि कुणाचा शेवट आधी. "आधी बारसं आणि मग लग्न," नाना म्हणाले. तरी नियम तो नियम. पहिल्यापासून ऐकायला बसले. शंभर गाणी होईपर्यंत कुणी ना कुणी दार वाजवायचंच. पुन्हा सुरुवात. त्या चकतीवरचं शेवटचं गाणं आम्ही कुणीच कधी ऐकलं नाही. मावशी तर चार दिवस जसोंडीला राहून आल्या.

मग मोबाईलमध्ये कार्ड घालून त्यात गाणी भरून घ्यायचे दिवस आले. पंकजने फोनवर सांगितलं म्हणून नाना दुकानात गेले. परत येऊन ओट्यावरच त्यांनी सगळं करून दाखवलं.

"तो म्हणते, चाचा, कितना डालूं? मी म्हटलं, एक अल्बम. तो म्हणते, अल्बम कौन सुनता है अब, पूरा फोल्डर डाल देता हूं. मी म्हटलं, बरं, पन्नी? तर म्हणते, पन्नी में क्या दूं चाचा, हवा?"

दुकानदाराने त्यात हिंदी रॅप भरून दिला होता. आपल्याकडची पोरंही तोवर ते करायला लागली होती. नानांनी फोन पाटावर ठेवला, उदबत्ती लावली, मला बोलावलं आणि बटण दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा नानांना रॅपचे शब्द कळले. दुसऱ्याच ओळीत आईवरची शिवी होती. तिसऱ्या ओळीत बहिणीवरची.

मावशी लाटणं घेऊनच बाहेर आल्या. "अहो! काय म्हणाला तो?"

नाना उदबत्तीकडे बघत राहिले.

"म्हणजे इतकी वर्षं तो अमेरिकेतला पण हेच म्हणत होता? आणि तुम्ही त्याच्यापुढे उदबत्त्या लावत होता?"

"तो इंग्रजीत म्हणत होता," नाना म्हणाले, आणि उदबत्ती उचलून देवापुढे नेऊन खोचली. मी तोंडात साडीचा बोळा कोंबला होता. त्या फॉलला अजून माझे दात लागलेले असतील.

इथपर्यंत सगळी हसण्याची गोष्ट होती. पुढच्या वेळी पंकजने नानांना मोठा फोन आणून दिला. त्यात बोटाने काय काय सरकवून दाखवलं आणि म्हणाला, "नाना, जगातली सगळी गाणी आहेत यात. नवा अल्बम ज्या दिवशी निघेल त्याच दिवशी तुम्हाला इथे बसून ऐकता येईल. मी लिंक पाठवीन, तुम्ही फक्त दाबायचं. माझी वाट बघायची आता गरजच नाही."

तो फार आनंदाने सांगत होता. बापाला एवढी मोठी भेट दिल्याचा आनंद होता तो. नानांनी फोन दोन्ही हातांत धरला.

"गरजच नाही?"

"नाही ना."

"बरं," नाना म्हणाले.

होळीला पंकज आला नाही. कामं होती. दिवाळीला आला तो उभ्याउभ्याच. लिंका मात्र येत राहिल्या. टिंग वाजलं की नाना फोन बघत आणि पालथा ठेवत. पंकजचा फोन आला की विचारायचा, "ऐकलं का?" नाना म्हणत, "नेट नाही इकडे." कधी म्हणत, चार्जिंग नव्हतं. एकदा म्हणाले, तुझ्या आईने फोन पिठाच्या डब्यात ठेवला. मावशी आतून ओरडल्या, "माझं नाव कशाले घालता?" पंकजला वाटे, बाप म्हातारा झाला, जमत नाही. गल्लीतल्या पोरांनाही तसंच वाटे. ती शिकवायला येत आणि नाना त्यांना हाकलून देत. त्याच फोनवर नाना दुसऱ्या मंड्यांचे केळीचे भाव बघत आणि कुस्त्या बघत, हे फक्त आम्हाला माहीत होतं.

"येते त्यांना सगळं," मावशी मला म्हणाल्या. "पण ऐकून टाकलं तर पोरगा कशाले येईल, असं आहे त्यांचं. तोंडाने नाही बोलायचे. मंडीत बोलून बोलून संपलं वाटते सगळं."

मग ते फीटचं झालं. पंकज एका मित्राच्या लग्नाला बुऱ्हाणपूरला आला होता. उतरला मंगल कार्यालयातच, घरी फक्त जेवायला आला. बॅग दारातच ठेवली. नानांनी बॅगेकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि आत आवाज दिला, "अहो, ताट वाढा. फीट आले."

मावशी सवयीने हसल्या. पंकजचा हात ताटावरच थांबला.

"मी फीट?"

"मग काय? दोन ओळी म्हणायच्या आणि निघायचं."

पंकज जेवला, पाया पडला आणि गेला. नाना दुपारभर ओट्यावर तोंडावर गमछा घेऊन पडून होते. झोपले नव्हते, कारण घोरत नव्हते. त्यानंतर लिंका यायच्या बंद झाल्या. फोन यायचे, पण त्यात परत ठीक, ठीक आहे, ठीक. मावशींनी घड्याळाचा विनोदही सोडून दिला. त्या मला म्हणाल्या, "आता ते दोघं एकमेकांवर रुसून म्हातारे होतील बघ."

एके सकाळी मी त्यांच्याकडे साडी द्यायला गेले होते. नाना आंघोळीला होते, मावशींचे हात पिठात. फोन वाजला. मावशी म्हणाल्या, "घे व सुशीला, सांग नंतर कर म्हणून." मी फोनवर बोलायला घाबरते. तरी घेतला.

पंकज होता. म्हणाला, "वहिनी, एक सांगा. नानांना तो फोन जमतच नाही का? मी साधा घेऊन देऊ का?"

मी 'नंतर करा' एवढंच सांगायला हवं होतं. पण त्या क्षणी मला वाटलं, कुणीतरी मला विचारतंय, आणि मला उत्तर माहीत आहे.

"जमतो, पंकजभाऊ," मी म्हणाले. "सगळं जमतं. तुम्ही पाठवलेल्या गाण्यांना ते हात लावत नाहीत. एकाचीही पन्नी काढलेली नाही. ती ऐकून झाली तर तुम्हाला यायला कारण उरणार नाही, म्हणून तशीच ठेवलीत."

मला वाटलं फोन कटला. मावशी पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे बघत होत्या. मग पंकज म्हणाला, "बरं," अगदी नानांसारखं, आणि फोन ठेवला. मी घरी येऊन तांब्याभर पाणी प्यायले. एवढं लांब बोलणं मी फोनवर कधी केलं नव्हतं.

पुढे काही दिवसांनी तो आला. सण नव्हता, लग्न नव्हतं, सुट्टीही नव्हती. नाना ओट्यावर बसले होते, मावशी आणि मी दाराशी.

"कोणाचं लग्न आहे?" नानांनी विचारलं.

"कुणाचं नाही."

"मग? काय आणलं?"

"काही नाही," पंकज म्हणाला. "दुकानात गेलो होतो सीडी बघायला. तिथे आता मोबाईलची कव्हरं मिळतात. काही आणलं नाही, नाना. असंच आलो."

नानांनी मावशींकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. शेवटी म्हणाले, "मग बॅग आत ठेव ना. दारात काय ठेवतोस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी पिशवी भरली आणि भावाची तब्येत बघून येते म्हणून जसोंडीला निघाल्या. भावाला काय धाड भरली होती? जाताना मला म्हणाल्या, "दोघांना दुपारी भाजी तेवढी दे." मी त्यांच्याकडे बघितलं तर त्या दुसरीकडेच बघत होत्या.

थोड्या वेळाने भिंतीवर दोनदा थाप पडली. "काय व सुशीला! ये, बस इकडे. हा नुसताच बसलाय. काय करावं समजत नाही."

इतक्या वर्षांत मी त्या थापेला नाही म्हटलं नव्हतं. "हातात काम आहे, नाना," मी इकडून म्हणाले. माझ्या हातात काहीही नव्हतं.

दुपारी वांग्याची भाजी वाटीत घेऊन मी त्यांच्या दाराशी गेले. दार अर्धवट उघडं होतं. दोघं खाटेवर शेजारी बसले होते. फोन लांब खिडकीत पडला होता, टेपवर मावशींनी विणलेला रुमाल होता. काहीच वाजत नव्हतं. पंकज विचारत होता,

"नाना, खरं सांगा. तुम्हाला ही गाणी आवडायची का हो?"

"आता आवडतात," कुणीतरी म्हणालं. मला वाटलं घरात तिसरं माणूस आहे. नानांचा खालचा आवाज मी ऐकलेलाच नव्हता. "आधी नाही आवडत होती. पहिल्या कॅसेटने तर डोकं असं चढलं होतं, दुसऱ्या दिवशी मंडीत बोली लावता येईना."

"मग दुसरी बाजू लाव म्हणालात ते?"

नाना पायजम्यावरची न दिसणारी धूळ झटकत राहिले.

"तू बसला होतास ना शेजारी," ते म्हणाले. "बाजू संपली म्हणून उठून गेला असतास."

मी वाटी घेऊन तशीच मागे फिरले. आमचे हे जेवायला आले होते. त्यांनी वाटी बघितली आणि विचारलं, "का गं, दिली नाहीस?"

"आत जागा नव्हती," मी म्हणाले.

आत दोनच माणसं आहेत हे ह्यांना ठाऊक होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पाटावर बसले. मी भाजी पुन्हा मंद आचेवर ठेवली.